शैलाताई गाडीत बसत नाहीत

शैलाताई तावडे लिफ्टमध्ये शिरल्या की आत उभ्या असलेल्या माणसांना सांगतात, "चला, पुढे सरका, पुढे मोकळं आहे." आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची. त्यात पुढे सरकायचं म्हणजे आरशात शिरायचं. तरी लोक सरकतात. आधी सरकतात आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळतात.

तो आवाज पंचवीस वर्षं शहराच्या लाल बसमध्ये कमावलेला आहे. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या काही जणींपैकी शैलाताई एक. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली, पण खांद्यावरची पिशवी गेली तरी अंगातली ड्यूटी गेलेली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत कोणी पनीरपाशी रेंगाळलं की मागून आवाज येतो, "मध्ये थांबू नका, मागे माणसं आहेत." एकदा तर एका दिवसकार्याला त्यांनी गुरुजींनाच पुढे सरकवलं होतं.

त्या कुठेही उभ्या राहिल्या की पाय थोडे फाकवून, पाठ कशाला तरी टेकवून. स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा. पोहे परतताना पाठ फ्रीजला. "ओटा काय ब्रेक मारणार आहे का, शैलाताई?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "भरवसा कोणाचाच नाही, माधवी."

नोकरीचा बहुतेक काळ त्या मालाड स्टेशन ते मार्वे या एकाच मार्गावर होत्या. त्या मार्गावर सकाळी कोळणींच्या टोपल्या, दुपारी शाळेच्या मुली, संध्याकाळी मनोरीच्या बोटीतून उतरलेली माणसं, आणि अधूनमधून मढच्या बंगल्यांत शूटिंगला जाणारी मंडळी. एकदा त्यांच्या बसमध्ये फौजदार चढला. कडक वर्दी, खांद्यावर तारे. तिकीट विचारल्यावर गुरकावला, "दिसत नाही का, पोलीस आहे." शैलाताईंनी त्याला खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पोलीस दिसतो की. पण फौजदार रबराची स्लिपर घालून फिरत नाही. तिकीट काढ, नाहीतर उतर. पुढचं शूटिंग पायी कर." त्यानं तिकीट काढलं, आणि उतरताना थँक्यू मॅडमही म्हणाला.

असं सगळं असलं तरी बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. शैलाताई कोणाच्याही गाडीत बसत नाहीत. रिक्षा चालते, कारण रिक्षाला दार नसतं. बस चालते, बोट चालते, टेम्पोतही त्या एकदा गणपतीबरोबर बसून गोराईपर्यंत गेल्या आहेत. पण मोटारगाडी नाही. माझ्या नवऱ्यानं, गिरीशनं, नवी गाडी घेतली तेव्हा तो मोठ्या हौसेनं त्यांना म्हणाला, "शैलाताई, चला, एक चक्कर मारून येऊ."

"मी गाडीत बसत नाही."

"पण का?"

"गाडीत कोण चढतं? ज्यांना आपण आधीच ओळखतो तीच माणसं. मग जायचं कशाला? घरीच बसू."

गिरीशनं माझ्याकडे बघितलं. शेवटी चक्कर आम्ही दोघांनीच मारली.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही श्रीलंकेला जायचं ठरवलं. गिरीशनं आठ दिवसांसाठी गाडी आणि ड्रायव्हर ठरवला. मी हे शैलाताईंना सांगायला गेले ते खरं तर झाडांना पाणी घालाल का, एवढं विचारायला. त्या म्हणाल्या, "झाडांचं वॉचमन बघेल. मी येते." पासपोर्ट त्यांनी निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच काढला होता आणि तो अजून कोरा होता. "पण एक आधी सांगते. विमानाचा इलाज नाही. तिथे उतरल्यावर मी बसनं फिरणार. तुम्ही तुमच्या गाडीतून या. संध्याकाळी हॉटेलवर भेटू."

"तुम्हाला तिथली भाषा येत नाही," गिरीश म्हणाला.

"बसमध्ये भाषा कशाला लागते? चढायचं, बसायचं, उतरायचं."

कोलंबोच्या विमानतळाबाहेर आमचा ड्रायव्हर रुवान हातात पाटी घेऊन उभा होता. पस्तिशीचा, हसरा, पर्यटकांकडून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. शैलाताईंनी आपली बॅग डिकीत ठेवली आणि स्वतः मागे सरकल्या. रुवान गोंधळला. दार उघडून म्हणाला, "मॅडम, बस में बहुत धक्का."

"त्याला सांग," शैलाताई मला म्हणाल्या, "धक्का काय असतो ते मला ठाऊक आहे. बॅग म्हातारी झाली आहे, तिला गाडीतून जाऊ दे. मी ठीक आहे."

शेवटी रुवाननं त्यांना कागदाच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकेका हॉटेलचं नाव, सिंहली लिपीत. शैलाताईंनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "कडबोळ्यांचा घाणा काढलाय नुसता," म्हणाल्या आणि चिठ्ठ्या ब्लाउजमध्ये खोचून रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा. गिरीश दुपारभर अस्वस्थ होता. सारखा म्हणत होता, "आपण त्यांच्या गावाकडच्या भावाला काय सांगणार?"

आम्ही कँडीला पोचलो तेव्हा त्या हॉटेलच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. आम्हाला उशीर झाला होता, कारण वाटेत एका मसाल्याच्या बागेत एका गृहस्थानं गिरीशला खूप वेळ बसवून केस उगवायचं तेल विकलं होतं. शैलाताईंनी गिरीशच्या हातातली बाटली बघितली, मग त्याचं डोकं बघितलं. "बस वाटेत असल्या ठिकाणी थांबत नाही, हा फायदा," एवढंच म्हणाल्या.

त्यांची गोष्ट ऐकायला मात्र रुवानसुद्धा खाली पायरीवर बसला. एसी बस त्यांनी नाकारली होती, कारण खिडकी उघडत नसेल तर ती बस नव्हे, शीतकपाट. लाल सरकारी बस दिसली तशा त्या चढल्या. "लाल रंग बघितला आणि म्हटलं, हे आपलंच." कंडक्टरनं त्यांना "अक्के, अक्के" म्हणून हाक मारली. "बघ, इथेही अक्काच म्हणतात. आणि तू म्हणतोस भाषा येत नाही," त्या गिरीशला म्हणाल्या. सबंध प्रवासात त्या शेजारच्या बाईशी मराठीत बोलल्या होत्या आणि ती बाई त्यांच्याशी सिंहलीत. दोघींना एकमेकींच्या गुडघ्यांबद्दल सगळं कळलं होतं. त्या बाईनं उतरताना त्यांना चार केळी दिली, त्यातलं एक त्यांनी रुवानला दिलं.

पुढचे तीन दिवस असंच चाललं. आम्ही काचा लावून चहाचे मळे बघायचो, थांबून फोटो काढायचो, आणि शैलाताई आमच्याआधी किंवा आमच्यानंतर कधीतरी धुळीनं माखून, खुशीत, नव्या नव्या हकीकती घेऊन यायच्या. तिथे बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट भिक्षूंसाठी राखीव असते, हे माहीत नसल्यानं त्या तिथे बसल्या आणि सगळ्यांनी हातवारे करून उठवलं. "उठले. नियम म्हणजे नियम. फक्त म्हातारीसाठीची सीट कुठली, हेही विचारून घेतलं आणि तिथे बसलेल्या एका तरण्याला उठवलं."

चौथ्या रात्री जेवताना मला जाणवलं की आम्हाला सांगण्यासारखं काहीच घडत नव्हतं. सकाळी मी गिरीशला म्हटलं, "आज मी शैलाताईंबरोबर जाते." एल्ला या डोंगरातल्या गावाहून आम्हाला खाली दक्षिण किनाऱ्यावर जायचं होतं. लांबचा पल्ला. गिरीश म्हणाला, "जा. मातारा स्टँडवर आम्ही घ्यायला येतो. तुला, म्हणजे. त्या येणार नाहीतच."

बसमध्ये बुद्धाच्या तसबिरीभोवती रंगीत दिवे लुकलुकत होते आणि गाणी इतक्या मोठ्यानं चालू होती की पत्रा थरथरत होता. डोंगर उतरताना वळणावळणाला मी समोरची दांडी घट्ट धरत होते. शैलाताई मात्र खिडकीपाशी बसून त्या कंडक्टरची परीक्षा घेत होत्या. "पाठ खांबाला टेकवलीय, बघ. म्हणजे नीट शिकलाय. नोटा बोटांत घडी करून धरतो, तेही चांगलं. पण दाराकडे लक्ष नाही याचं. कंडक्टरचा एक डोळा कायम दारावर पाहिजे." कंडक्टर विशीतला, हसतमुख मुलगा होता. त्या वळून बघताहेत असं दिसलं की तो उगाच शर्ट नीट करायचा.

दुपारी आम्ही किनाऱ्याला लागलो. एका छोट्या गावात शाळा सुटली होती. पांढऱ्या गणवेशातल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलींचा घोळका आत चढला आणि बस भरली. दप्तरं, डबे, छत्र्या, सगळीकडे गलबला. मी बाहेरचा समुद्र बघत होते. शैलाताई उठल्या तेव्हा मला वाटलं, पाय मोकळे करायला उठल्या असतील.

त्या गर्दीतून दोन सीट मागे गेल्या. तिथे चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी दांडी धरून उभी होती, मान खाली घालून. तिच्या मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीचा एक माणूस. हातात चामड्याची बॅग. बॅग त्यानं पुढे धरली होती आणि बॅगेमागे हात होता.

शैलाताईंनी त्याचं मनगट धरून वर उचललं. सगळ्यांना दिसेल इतकं वर.

"हात खय घालतंस रे मेल्या?" त्यांची मालवणी एरवी फक्त भावाशी फोनवर भांडताना ऐकू येते. "उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

दुसऱ्या हातानं त्यांनी बसचा पत्रा जोरात वाजवला. एकदाच, थांबण्याची खूण. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. कोणीतरी गाणं बंद केलं.

त्या माणसानं हात सोडवून घेतला आणि हसला. मग सिंहलीत शांतपणे, सभ्यपणे काहीतरी बोलला. आजूबाजूच्या दोघातिघांनी शैलाताईंकडे बघून मान हलवली. परकी बाई, डोकं फिरलंय, असं काहीतरी तो म्हणाला असणार. कंडक्टर जवळ आला आणि त्यानं शैलाताईंना हातानं खूण केली, अक्के, बसा, जाऊ द्या. मागून एक म्हातारा वैतागून ओरडला. लोकांना उशीर होत होता. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि बस हलली.

शैलाताईंनी पुन्हा पत्रा वाजवला. बस थांबली.

मी त्यांच्यापर्यंत पोचले होते. "ताई, परका देश आहे. उगाच पोलीसबिलीस झालं तर? चला, बसू या."

"तू गप बस," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुला जायचं तर जा."

मी गेले नाही. पण सांगायला लाज वाटते, मी त्यांच्या पदराचं टोक धरून ओढत होते.

बस पुन्हा हलली आणि तिसऱ्यांदा पत्रा वाजला. शैलाताई तो माणूस आणि मुलगी यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, पाठ त्याच्याकडे करून, तोंड मुलीकडे. वाकल्या नाहीत की तिला हातही लावला नाही. हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, "बाळा, तू सांग. मी थांबलेय. बस कुठेही जात नाही."

मुलीला अर्थातच काही कळलं नाही. तिनं मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं. मग ती एक वाक्य बोलली. छोटंसं, तीन-चार शब्दांचं. आवाज इतका बारीक होता की पुढच्या सीटपर्यंतही गेला नसेल.

पण मागच्या सीटवर मांडीवर भाजीचं गाठोडं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं ते ऐकलं. ती उठली. गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं, जणू आमची जुनी ओळख होती, आणि त्या माणसाच्या तोंडासमोर बोट नाचवत जी सुरू झाली, ती थांबेना. मग दुसरी एक बाई उठली. मग तो वैतागलेला म्हाताराही आपली काठी घेऊन पुढे आला. कंडक्टरचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं त्या माणसाच्या हातातली चामड्याची बॅग घेतली, दारापाशी गेला आणि रस्त्याच्या कडेला नीट उभी करून ठेवली. बॅगेचा मालक बॅगेमागोमाग उतरला. बस निघाली.

शैलाताईंनी मुलीला आपल्या खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, माझ्या जागेवर बसा. बसल्या नाहीत. मुलगी बाहेर बघत होती. तिनं एका हातानं शैलाताईंचं मनगट धरलं होतं आणि तिचा स्टॉप येईपर्यंत सोडलं नाही. उतरताना तिनं हात जोडले. शैलाताईंनी नुसती मान हलवली आणि चटकन दुसरीकडे बघितलं. मी मागच्या काचेतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

माताऱ्याला उतरलो तेव्हा गिरीश आणि रुवान यायला वेळ होता. स्टँडबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मला भरभरून बोलायचं होतं. मी म्हटलं, "शैलाताई, काय केलंत तुम्ही आज. बिल्डिंगमध्ये सांगितलं तर विश्वास बसणार नाही कोणाचा."

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

त्यांनी चहाला अजून तोंडही लावलं नव्हतं. पेला टेबलावरच दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"नोकरीला लागून सहा महिने झाले असतील," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, पेल्याशी बोलल्यासारख्या. "अशीच दुपार होती. अशीच भरलेली गाडी. एक मुलगी होती, रोज यायची. निळा स्कर्ट. तिच्या मागे एक जण उभा होता. तिनं माझ्याकडे बघितलं, माधवी. मला दिसलं. काय चाललंय ते मला स्पष्ट दिसलं. आदल्याच आठवड्यात मला गाडी लेट केली म्हणून मेमो मिळाला होता. बायका आल्या आणि टायमिंगची वाट लागली, असं डेपोत सगळे म्हणायचे. मी म्हटलं, पुढच्या स्टॉपला बघू. पुढच्या स्टॉपला ती उतरून गेली. तिचा स्टॉप नव्हता तो."

"मग?"

"मग काही नाही. ती परत कधी माझ्या गाडीला आली नाही. मी वाट बघितली. मला ऑफिसात टेबलाची ड्यूटी देत होते, दोनदा. मी नाही म्हटलं. मार्ग बदलून देत होते, तोही नाही घेतला. डेपोत म्हणायचे, तावडेबाई हट्टी आहे. म्हटलं, म्हणू देत. मला वाटायचं, एक दिवस ती चढेल. मोठी झालेली असेल, कडेवर मूल असेल, पण मला ओळखू येईल. आली तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. रिटायर झाले त्या दिवशीही शेवटच्या फेरीला दाराकडेच बघत होते."

समोर बसगाड्या येत होत्या, जात होत्या, कंडक्टर गावांची नावं घेऊन ओरडत होते. शैलाताईंनी पदरानं तोंड पुसलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ही मघाची. उतरून कुठल्या बाजूला गेली, बघितलंस?"

"हो. एक बाई थांबली होती स्टॉपवर. तिची आई असावी. तिच्यासारखीच दिसत होती."

"मग?"

"मग दोघी रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या. ती मुलगी बोलत होती."

शैलाताईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "काय बोलत होती?"

"ते कसं ऐकू येणार? पण सारखी बोलत होती. हातवारे करून. एकदा थांबून तिनं बसकडे बोटही दाखवलं. आईनं दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि ऐकत राहिली."

"सांगत होती म्हणजे."

"सांगत होती."

त्यांनी पेला उचलला. एका दमात चहा प्यायल्या आणि टपरीवाल्याला आणखी एका पेल्याची खूण केली.